शाहूपुरीतल्या घरात मुलींचं वसतिगृह आणि आज्यांची सोय : कागद कुठून सुरू करायचे

प्रश्न थोडक्यात असा. शाहूपुरीत सासूबाईंच्या नावावर दुमजली जुनं घर आहे. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. आता वरच्या मजल्यावर कॉलेजच्या आणि क्लासच्या चौदा मुली ठेवायच्या, आणि तळमजल्यावर एकट्या पडलेल्या चार वयस्कर बायकांची राहण्या-जेवणाची सोय करायची असा विचार आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताई स्वतः राजारामपुरीत राहतात. ‘पीजीचं लायसन’ महापालिकेत कुठल्या खिडकीवर मिळतं, खर्च किती, आणि ते हातात येईपर्यंत जूनपासून मुली घेतल्या तर चालतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी अकरा वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलं आणि त्यानंतर दुसऱ्यांच्या अशाच कागदांची कामं करते आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगते, तशी खिडकी नाही. तामिळनाडूत महिलांच्या आणि बालकांच्या वसतिगृहांसाठी २०१४ पासून वेगळा कायदा आहे. आपल्याकडे खाजगी वसतिगृहाला असा एकच कायदा, एकच परवाना नाही. पण ‘लायसन नाही म्हणजे काहीच लागत नाही’ असा अर्थ काढून माणसं कॉट आणि गाद्या आणून मोकळी होतात, आणि खरी फसगत तिथेच होते. परवानगी लागतेच. फक्त ती सात-आठ तुकड्यांत, वेगवेगळ्या कार्यालयांत आहे. त्यातले कुठले तुकडे तुमचे, हे दोन गोष्टींवर ठरतं : तुमच्या घरात कोण राहणार, आणि छप्पर देण्यापलीकडे तुम्ही त्यांच्यासाठी काय करणार. या दोन्हींची उत्तरं आधी एका कागदावर लिहून काढा. पुढचं सगळं त्यातून निघतं.

आता ‘पीजी’ या शब्दाकडे येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्या दिलेली आहे. घर देणारा स्वतः ज्या जागेत राहतो, त्याच जागेचा काही भाग ज्याला राहायला दिला, तो पेइंग गेस्ट. तुम्ही राजारामपुरीत राहता, म्हणजे शाहूपुरीतल्या मुली कायद्याच्या भाषेत तुमच्या पेइंग गेस्ट नाहीतच. पाटीवर काहीही लिहा, तुमचं ते वसतिगृह आहे. हा शब्दांचा खेळ नाही. त्याच कायद्याने ‘लायसेन्सी’च्या, म्हणजे मालकाच्या परवानगीने जागा वापरणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्टला आणि हॉस्टेल, लॉज, विधवांचे-अनाथांचे आश्रम अशा ठिकाणी राहणाऱ्याला वगळलंय. चार नोकरदार मुलींना मिळून अख्खा फ्लॅट दिला तर तिथे नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार, हवा. कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदलेला करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वसतिगृहात मात्र खोली नाही, कॉट देतात. तिथे प्रवेश अर्ज, नियमावली आणि पावती यांनी काम चालतं. ‘ही जागा वसतिगृहातील असून रहिवाशाला खोलीचा स्वतंत्र ताबा दिलेला नाही’ हे वाक्य अर्जात हवंच. मी तरी वर्षभर राहणाऱ्या नोकरदार बायकांचा करार नोंदवूनच घ्या म्हणते. चालवणारी आणि राहणारी, दोघींनाही त्यात सुरक्षा आहे.

एक सूचना. इंटरनेटवर ‘नवा भाडे कायदा, डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं’ असं फिरत असतं. ते २०२१ च्या केंद्राच्या आदर्श कायद्याबद्दल आहे, आणि तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो.

कामाची सुरुवात मात्र मिळकत पत्रिकेपासून, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या प्रॉपर्टी कार्डापासून, करा. तुमचं पत्र वाचताना मी तिथेच अडले. घर सासूबाईंच्या नावावर होतं, म्हणजे तुमचे मिस्टर, दीर, नणंदा, आणि सासरे हयात असतील तर तेही, असे सगळे वारस आहेत. लग्न झालेल्या नणंदेचाही हक्क भावांइतकाच. सिटी सर्व्हे कार्यालयात त्या पत्रिकेवर वारस नोंद लागली नसेल तर पुढच्या प्रत्येक टेबलावर ‘अर्जदार कोण’ हाच प्रश्न येणार. सगळ्यांची लेखी संमती घ्या, तीही ‘वसतिगृह आणि वृद्ध महिलांचं निवास चालवण्यासाठी’ अशा शब्दांत. नुसतं ‘भाड्याने देण्यास हरकत नाही’ हे पुरत नाही. धंदा चालायला लागल्यावर घरात मन बदलतं, आणि तेव्हा वर चौदा पोरींची परीक्षा चालू असते.

घर दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्यावं असं तुमच्या दिरांचं म्हणणं आहे. तसं ठरलं तरी करार नोंदवावाच लागेल, आणि वापर कशासाठी ते त्यात लिहावं लागेल. मुद्रांक शुल्काला घाबरू नका. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकूण रकमेच्या पाव टक्का लागतो. समजा महिना ४०,००० प्रमाणे ३६ महिने, म्हणजे १४,४०,०००. डिपॉझिट दोन लाख, त्यावर वर्षाला दहा टक्के धरून तीन वर्षांचे ६०,०००. बेरीज १५ लाख, पाव टक्का ३,७५०. वर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. एवढ्यासाठी नोटरीवर भागवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

त्यानंतर इमारत. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला हरकत नसल्याचा दाखला) शोधा. जुन्या घरांत हे सापडत नाही, मागे पत्र्याचं शेड आणि वर एक वाढीव खोली मात्र असते. शहराला आता २०२० ची एकत्रीकृत विकास नियमावली लागू आहे. नगररचना विभागात स्थापत्य अभियंत्यामार्फत अर्ज करून विचारा : राहत्या घराचा वापर वसतिगृह आणि वृद्ध निवास असा करायचा आहे, काय करावं लागेल? तोंडी विचारू नका. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, पोचपावती जपून ठेवा. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांनी हे वाचत असाल तर लक्षात घ्या, २०१७ पासून शहराभोवतीच्या ४२ गावांत बांधकाम परवानगी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवाना नव्हे.

इमारतीत तुमचं प्रकरण नेहमीपेक्षा वेगळं आहे, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत एका-दोन कुटुंबांचं घर एका वर्गात, सामूहिक झोपण्याची जागा म्हणजे डॉर्मिटरी त्याच निवासी गटातल्या दुसऱ्या वर्गात, आणि वृद्ध-अशक्तांचं निवास थेट संस्थात्मक गटात धरलंय, जिथे इस्पितळंही येतात. म्हणजे तुमच्या एकाच घरात जिना चढला की वर्ग बदलतो. कारण सरळ आहे. आग लागली तर वीस वर्षांची मुलगी पळेल, ऐंशी वर्षांच्या आजीला कुणीतरी उचलावं लागेल. म्हणून आज्यांना तळमजला हा तुमचा विचार बरोबरच आहे. फक्त त्यांच्या खोलीतून रस्त्याकडे थेट दार हवं, दाराची रुंदी व्हीलचेअर जाईल एवढी हवी आणि उंबरा काढलेला हवा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून ती बसवून घ्यायची, तिचा नमुना ‘अ’ दाखला घ्यायचा, आणि पुढे दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा नमुना ‘ब’ दाखला द्यायचा. तुमच्या आकाराच्या इमारतीला नेमकं काय काय लागेल ते महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडून लेखी घ्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या रात्री कुणाचा जीव गेला नाही. वसतिगृहात रात्री माणसं झोपलेली असतात.

कागदापेक्षा मला कुलपाची जास्त काळजी वाटते. काही वर्षांपूर्वी एका मालकांनी मला रात्री साडेदहाला मुद्दाम बोलावलं, आपल्याकडे किती शिस्त आहे ते दाखवायला. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी सरकतं दार, त्याला हातभर साखळी आणि कुलूप. मी म्हटलं, “समजा आत्ता वर धूर झाला. उघडा बघू.” किल्ली वॉचमनच्या खिशात होती आणि वॉचमन कोपऱ्यावर चहाला गेला होता. फोन केला. मी घड्याळ बघत उभी राहिले. तो धावत आला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. वर एकवीस मुली, खिडक्यांना पक्क्या जाळ्या, गच्चीच्या दाराला दुसरं कुलूप. त्या कुलपाची किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळी देवघराच्या कोनाड्यात सापडली. मालक माणूस चांगला होता, रात्रभर झोपला नाही. आठवड्यात त्याने दोन्ही दारांना आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवली. मुलींच्या सुरक्षिततेसाठी बाहेरच्याला आत येऊ न देणं समजू शकते, पण आतल्याला बाहेर पडता येत नसेल तर ती सुरक्षितता नाही. तुमच्या घरी पहिला खर्च याच कडीचा करा. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असतील तर ते काढून टाका. बंद न्हाणीघरात त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो.

शाहूपुरी म्हटल्यावर पुराचं बोलायलाच हवं. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा म्हणजे वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. तुमचं घर निळ्या रेषेच्या आत आहे, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये आहे की दोन्हींच्या बाहेर, हे नगररचना विभागात बघून घ्या. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामावर कडक निर्बंध आहेत, वाढीव खोलीचं स्वप्न तिथेच थांबतं. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर पाण्यात गेले. २०१९ ला आम्ही एका आजींना चादरीची झोळी करून जिन्यावरून वर नेलं. चौघी होतो, तरी दर तिसऱ्या पायरीला थांबावं लागत होतं. आजी सारखं म्हणत होत्या, “माझं औषधाचं पुडकं ऱ्हायलं गं खाली.” तेव्हापासून माझा नियम असा : पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की आज्यांना हलवायचं, धोक्याच्या ४३ ची वाट बघायची नाही. कुठे हलवायचं ते मे महिन्यातच ठरवून नातेवाइकांच्या सहीने लिहून ठेवायचं, आणि औषधांची पिशवी प्रत्येकीच्या उशाशी टांगलेली ठेवायची. तुमच्या घरात पाणी आलेलं असेल तर आज्यांना तळमजल्यावर ठेवायचं का, याचा पुन्हा विचार करा. आगीच्या दृष्टीने योग्य असलेली जागा पुराच्या दृष्टीने चुकीची ठरू शकते.

मुलींबद्दल. राहायला आलेल्या प्रत्येकीची माहिती पोलीस ठाण्यात द्या, तुमच्याकडे शाहूपुरी पोलीस ठाणे. राज्य पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइनही देता येते. छापील पोच फाईलला लावा. परदेशी विद्यार्थिनी आली तर तिची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. तुम्ही क्लासच्या मुली म्हणता, म्हणजे अकरावी-बारावीच्या सोळा-सतरा वर्षांच्या. अठरा पूर्ण नसलेलीची सही करारात चालत नाही, आई-वडिलांचीच हवी. रात्री बाहेर थांबण्याची, दवाखान्यात नेण्याची, घरी कुणाबरोबर सोडायचं याची परवानगी वेगवेगळी लिहून घ्या. आणि अशा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं हे तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘आई-बाप नको म्हणाले’ हे कारण चालत नाही. तुमच्या वॉर्डनला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा. कॅमेरे दारात आणि जिन्यात, खोल्यांकडे तोंड करून नाही.

कोल्हापुरात १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. परगावच्या आई-बापांना इथे पोर ठेवून जायची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. गडहिंग्लजचा किंवा राधानगरीचा बाप तुमच्याकडे कागद मागत नाही, चेहरा बघतो आणि ट्रंक ठेवून जातो. म्हणून तो मागत नसला तरी फाईल पूर्ण असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जेवण घरीच करणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे. अर्ज ऑनलाइन आहे. घरगुती १४.२ किलोची टाकी मेसला वापरता येत नाही, व्यावसायिक १९ किलोची घ्या आणि ती जिन्याखाली ठेवू नका. महापालिकेच्या परवाना विभागात खानावळ म्हणून काही लागतं का ते त्याच फेरीत विचारून घ्या. स्वयंपाकीण, वॉर्डन अशी माणसं ठेवली की दुकाने व आस्थापना कायदाही येतो. कामगार थोडे असतील तर फक्त सूचना भरायची असते.

आता आज्या. इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण चूक झाली तर ती इथे सर्वात महाग पडते. चालत्या-फिरत्या, आपलं आपण करणाऱ्या चार बायकांना खोली, जेवण आणि सोबत दिली, तर ते निवास आहे. पण त्यातली एक अंथरुणाला खिळली, तुम्ही नर्स ठेवली, नाकातून नळी, लघवीची नळी, रोजचं इंजेक्शन सुरू झालं, की प्रश्न बदलतो. आजारी किंवा अशक्त माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा ही १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत जाते, आणि त्याची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला काळजी-उपचारासाठी ठेवलं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय चालवलं तर पहिल्याच वेळी दंड पाच ते पन्नास हजार. दिव्यांग व्यक्तींची संस्था चालवायची तर २०१६ च्या कायद्याखाली वेगळं प्रमाणपत्र. आणि ‘एक अनाथ पोर पण ठेवते’ असं कधी मनात आलं, तर बाल न्याय कायदा २०१५ वाचल्याशिवाय एक दिवससुद्धा ठेवू नका. नोंदणीविना अशी संस्था चालवण्याला तिथे तुरुंगवास आहे. दया हे तिथे उत्तर होत नाही.

म्हणून प्रवेशाच्या वेळीच रेषा आखा. डॉक्टरांचा तपासणी दाखला घ्या. ‘स्वतः उठणं, जेवणं, शौचाला जाणं जमतं तोपर्यंत निवास. ते थांबल्यास पंधरा दिवसांत नातेवाइकांनी पुढची सोय करावी’ असं करारात लिहा. हे वाचायला कठोर वाटतं. पण ज्या घरात रात्री एकच मावशी आहे, तिथे अंथरुणातल्या माणसाला ठेवून घेणं जास्त कठोर आहे. नातेवाइकांचे दोन फोन नंबर घ्या, एक कोल्हापुरातला. तीन महिने पैसे येतात, मग फोन बंद होतो, असं माझ्याही वाट्याला आलंय. अशा वेळी त्या आजींना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे मुलांना दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह द्यायला लावता येतं. आजींना ते नको असतं, पोराविरुद्ध सही करताना हात थरथरतो. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका, पण असा मार्ग आहे हे त्यांच्या कानावर घाला.

पैशाचं. घरफाळ्याला स्वतःचा वापर आणि भाड्याचा वापर यांचे दर वेगळे असतात. वापर बदलल्याचं स्वतःहून कळवा, मागच्या तारखेपासूनची थकबाकी अंगावर येण्यापेक्षा ते बरं. पाणी आणि वीज जोडणीचा वर्गही त्याच वेळी लेखी ठरवून घ्या. जीएसटीची भीती मात्र तुमच्या आकाराला नाही. माणशी महिना वीस हजारांपर्यंत आणि सलग किमान नव्वद दिवस राहणाऱ्यांसाठीच्या निवासाला जुलै २०२४ पासून माफी आहे. चौदा मुली साडेसहा हजार आणि चार आज्या पंधरा हजार असं धरलं तरी वर्षाचे १८,१२,००० होतात, सेवांच्या नोंदणीच्या वीस लाखांच्या मर्यादेआतच. परीक्षेपुरती महिनाभर राहणारी मुलगी मात्र त्या माफीत बसत नाही.

राहिला जूनचा प्रश्न. वारसांची संमती, नगररचनेचं लेखी उत्तर, फायरची यंत्रणा आणि दाखला, या तीन गोष्टी हातात नसताना मुली घेऊ नका. घरफाळा, आस्थापनेची सूचना, अन्न नोंदणी ही कामं सोबतीनं होऊ शकतात. पोलिसांकडची माहिती मात्र मुली आल्या त्याच आठवड्यात. पहिल्या वर्षी नुसत्या वरच्या मजल्यापासून सुरुवात करा, सहा-सात मुली घ्या, आणि एक पावसाळा त्या घरात काढून बघा. तळमजल्यावर पाणी कुठपर्यंत येतं, रात्री वीज गेली की जिन्यात दिसतं का, वॉर्डन टिकते का, हे सगळं दिवाळीपर्यंत कळेल. आज्यांना त्यानंतर आणा. नणंदेच्या सहीचं तेवढं याच आठवड्यात बघा, सिटी सर्व्हेतल्या वारस नोंदीला वेळ लागतो.